पिकल्या सीताफळाचा वास

मावशीइतकी काटकुळी बाई अख्ख्या मानवत गावात नसेल, आणि तिलाच साखर झाली म्हटल्यावर गल्लीला आधी हसूच आलं. आमच्याकडे डायबेटिसला साखर म्हणतात, आणि ती व्हायची तर गादीवर बसून कापूस घेणाऱ्या, पोट सुटलेल्या शेठ लोकांना व्हायची. चाळिशी नुकती उलटलेली मावशी स्वतःही हसली. म्हणाली, "आपल्या घरात दुसरं काय साठलं न्हाई, साखर तेवढी साठली बघ."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, गोड बंद केलं. मावशीला एखादी गोष्ट सांगितली की सांगणाऱ्यालाच दम लागायचा. तिच्या नवऱ्याचे, म्हणजे काकांचे, जुने कापडी बूट चढवून, पदर खोचून ती सकाळी स्टेशनच्या रस्त्याला लागायची, आणि मागून गल्लीतल्या बायका धापा टाकत यायच्या. संक्रांतीला तिळगूळ वळून झाला की ती बोटं धुऊन टाकायची, चाटायची नाही. मी समोर बसून पाहिलंय, म्हणून ठासून सांगतो.

सुरुवातीला साखर उतरली. मग गोळ्या वाढवल्या तरी चढतच गेली. मावशी इतकी वाळली की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या, आणि बायका कौतुकानं म्हणायच्या, "लय बारीक झालात बघा, आमालाबी शिकवा की." ते कौतुक आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. बाई झिजत होती आणि आम्ही तिला शाबासकी देत होतो.

तपासणीच्या वेळी तिला दरवेळी एकच विचारलं जायचं, चोरून काय खाता? हळूहळू घरातही तेच सुरू झालं. काका वाईट माणूस नव्हे, बायकोवर त्यांचा फार जीव. त्या जिवापायीच त्यांनी गुळाचा डबा कुलपात घातला. मावशी चिडली नाही. मला म्हणाली, "खाल्लं असतं तर तोंड तरी गोड झालं असतं रे माझं."

दिवाळी नुकतीच झाली होती. परसातली सीताफळं काकांनी कोनाड्यात गवत घालून पिकायला ठेवली होती. मी भेटायला गेलो तर मावशी खाटेवर पडलेली. सकाळपासून उलट्या, आणि श्वास असा खोल की खाट हलत होती. काका तिला उठवायला वाकले आणि तसेच थांबले.

"सीताफळ खाल्लंस व्हय?"

"न्हाई."

"वास यायलाय की तोंडाला."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "न्हाई खाल्लं म्हणलं न् मी," एवढंच म्हणाली आणि डोळे मिटले. वास मलाही आला होता, गोडसर, फार पिकल्या फळाचा. तिला जीपमध्ये घालून परभणीला नेलं. ती पुन्हा बोलली नाही. मातीला आलेल्यांतलं कुणीतरी हळूच म्हणालं, जिभेनं घात केला. काका खाली मान घालून बसले होते.

पुढे काही वर्षांनी मलाही साखर निघाली. मीही काटकुळाच. गोळ्या खाऊनही माझी पँट सैल व्हायला लागली, तेव्हा परभणीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काय खाता, हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, "मोठ्या वयातली साखर सगळी एकाच जातीची नसते." त्यांनी रक्ताच्या वेगळ्या तपासण्या केल्या. माझं शरीरच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकत होतं. याला गोळ्या पुरत नाहीत, सुईच लागते, असं त्यांनी समजावलं.

मी मावशीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "शेवटी श्वासाला फळासारखा वास होता का?"

"सीताफळाचा," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "त्यांची तपासणी झाली नव्हती, त्यामुळे कोणत्या जातीची होती ते छातीठोक सांगता यायचं नाही. पण तो वास खाल्ल्याचा नव्हता. इन्सुलिन संपलं की शरीर स्वतःची चरबी जाळत सुटतं, त्याचा तो वास."

तिथून निघालो तो थेट मानवतच्या एसटीत बसलो. काका ओट्यावर होते. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मंग ती खरं सांगायली व्हती."

"हो."

"मी तिला शेवटचं तेच इचारलं रे. दुसरं काहीच इचारलं न्हाई."

काका उठले, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, माझ्या तोंडाजवळ नाक नेलं आणि डोळे मिटून वास घेतला. "काही न्हाई," म्हणाले, आणि मगच पाणी आणायला आत गेले.

आता मी कधीही गेलो तरी तसंच होतं. सुई घेतलीस का विचारतात, माझा चेहरा धरतात, वास घेतात. मी श्वास सोडतो. तेवढा वेळ आम्ही दोघंही मावशीच्या खाटेपाशी उभे असतो.