पुतण्याच्या गळ्यातला हार
नाव पुकारायच्या आधीच मी स्टेजवर चढलो, ही माझी चूक. परवा नांदेडात हारवाल्याच्या गाड्याशी निशिगंधाचा वास आला आणि लातूरचा तो सत्कार आठवला. आमच्या दवाखान्यातलं पहिलं किडनी प्रत्यारोपण झालं होतं. रक्तवाहिन्या मी जोडल्या होत्या. दवाखाना चालवणाऱ्या आमच्या सरांचा डॉक्टर पुतण्या शेजारी उभा राहून रक्त टिपत होता. "प्रत्यारोपणाचं नवं युनिट तुझंच रे बाबा," असं सर वर्षभर म्हणायचे, म्हणून मी अहमदपूरहून आईला आणि तिच्यासोबत अर्ध्या बुद्धविहाराला बोलावलं होतं. सरांनी माइक घेतला, "आता आपल्या युनिटचे प्रमुख..." एवढंच म्हणाले आणि मी पायऱ्या चढून हजर. नाव आलं पुतण्याचं. सर जरासुद्धा गडबडले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हा आमचा कोट्यातला हिरा! हार हाच घालील." मी घातला, आणि टाळ्या वाजल्या तसा हसलोसुद्धा. आज माझं स्वतःचं युनिट आहे आणि हा किस्सा मी असा रंगवून सांगतो की सगळे पोट धरून हसतात. आई तेवढी हसत नाही. म्हणते, "हार घातलास ते घातलास, वर दात कशाला काढलेस रे येड्या?"