माझ्या तारखेचा किल्ला

आज माझा वाढदिवस. सकाळी जुन्या शाळेवरून जाताना फाटकातून आतला फळा दिसला. दिनविशेषाच्या पहिल्याच ओळीत किल्ला सर झाला होता.

ताईचा वाढदिवस माझ्या आदल्या दिवशी. तिच्या तारखेला मध्ययुगात काय काय घडून गेलेलं: एका राजाचा राज्याभिषेक, दोन सुलतानांमधला तह, शिवाय हा किल्ला. माझ्या तारखेला काहीच नाही. जणू शेकडो वर्षं त्या दिवशी सगळी सैन्यं झोपूनच होती. सातवीत दिनविशेषाची वही माझ्याकडे आली, तेव्हा मी ताईचा किल्ला खोडला आणि माझ्या तारखेखाली लिहिला. तिच्याकडे बाकीचे दोन होतेच की.

पुढची मुलं तीच वही उतरवत आली असणार. इतिहासातल्या आणखी किती तारखा अशा कुणाच्या जळफळाटाने सरकल्या असतील, कोण जाणे.

फळ्यापाशी दोन वेण्यांची एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "माझ्या वाढदिवसाला आपण किल्ला जिंकलाय."

तिचा चेहरा पाहिला आणि इतक्या वर्षांनी माझ्या पोटात पुन्हा तसंच दुखलं. मला तो किल्ला एक दिवसही माझा वाटला नव्हता. तिचा मात्र तो खरा होता.