घासाचा कोपरा

निर्मलाताई गेल्या त्या शनिवारी मी चाकणहून कंपनीच्या बसने घरी येत होते. बस भोसरीच्या पुलाखाली अडकली होती आणि मी मोबाइलवर संध्याकाळच्या वर्गाला कुणी काय आणायचं ते लिहीत होते… जुनी चादर, जाड सुई, खडू, शर्टाची बटणं. तेवढ्यात त्यांच्या मुलाचा, अमोलचा फोन आला. "काकू, आई गेली." मी विचारलं, "कुठे गेली?" मला खरंच वाटलं, आजारी असूनही हट्टाने खाली क्लब हाउसमध्ये जाऊन बसल्या असतील. पलीकडे मागे कुणीतरी रडत होतं. मग कळलं. ती यादी मी पुढे लिहिली नाही आणि पुसलीही नाही.

ताथवड्यातल्या आमच्या सोसायटीत त्या माझ्या खालच्या मजल्यावर राहायच्या. ओळख झाली ती जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडीवालीमुळे. दिवाळीआधी मी सगळी कपाटं रिकामी करते. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं असे ढीग करते आणि त्यात फेरफार करत नाही. त्या वर्षी द्यायचं गाठोडं घेऊन गेटवर उभी होते. निर्मलाताई भाजी घेऊन आल्या, न विचारता गाठोड्यात हात घातला आणि माझ्या नवऱ्याचा पांढरा शर्ट ओढून काढला. "ह्याच्यात काय वाईट हाय?" मी म्हटलं, "कॉलर गेलीय." त्या म्हणाल्या, "कॉलर गेली म्हणून आख्खा माणूस देऊ लागलाव का?" भांडीवाली हसायला लागली आणि माझी कढई हुकली. त्याच दुपारी त्यांनी मला समोर बसवून त्या शर्टाचा उशीचा अभ्रा शिवून घेतला. शर्टाचा पुढचा भाग बटणपट्टीसकट तसाच ठेवायचा, पाठीचा भाग त्याला जोडायचा, तिन्ही… नाही, चारही बाजू शिवून टाकायच्या, कारण उशी आत घालायला बटणं आहेतच. इतकं सोपं. पण मला तोवर सुचलं नव्हतं आणि तो अभ्रा आजही आमच्याकडे वापरात आहे.

पुढे शनिवारचा वर्ग सुरू झाला. शिकवायच्या त्या, बाकीची जमवाजमव माझी. येणाऱ्या बहुतेक मुली वाकड-मारुंजीकडच्या आयटीतल्या, शाळेनंतर सुई हातात न धरलेल्या. पहिल्या शनिवारी ताई कात्री कुणाला देतच नसत. पहिला दिवस फक्त उसवण्याचा. "कापायची घाई करू नका. आधी उसवा. उसवताना कळतंय, कापडात किती जीव हाय." मग ते कापड खिडकीपाशी धरायला लावायच्या. जिथून उजेड जास्त येतो तिथे ते विरलेलं, तिथे टाका टिकणार नाही, तो भाग आतल्या थराला. जीन्सच्या पायांच्या पिशव्या, सुती साडीचे परकर, ओढणीचं उशीच्या आकाराचं काहीतरी, असं सगळं त्यांनी आमच्याकडून करून घेतलं. नियम फार नव्हते, पण एक मोडला की त्या कडाडायच्या. सुई कापडात टोचून उठायचं नाही. उठायचं तर आधी सुई डबीत. श्वेता नावाची मुलगी एकदा घरून आणलेल्या बसायच्या गादीतच सुई विसरली, तेव्हा ताई शांतपणे म्हणाल्या, "नवरा नको झालाय का गं? सरळ सांगायचं की त्याला." मला त्या मॅनेजरबाई म्हणायच्या. "झाली का यादी, मॅनेजरबाई? म्हंजे आम्ही श्वास घ्यायला मोकळ्या."

हे त्या एवढ्या तळमळीने का करत होत्या, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. एका शनिवारी मुली गेल्यावर आम्ही चिंध्या गोळा करत होतो. कुणीतरी टाकलेल्या निळ्या शर्टाची बाही त्यांच्या हातात आली आणि त्या थांबल्या. त्यांचे यजमान भोसरीच्या एका कारखान्यात होते. रोज तसाच निळा शर्ट. ते अचानक गेले तेव्हा परभणीकडून दीर आले आणि दहाव्याच्या आत सगळे कपडे गाठोड्यात बांधून नदीवर सोडून आले. ताईंनी एक शर्ट मागितला होता, फक्त एक, वाकळीत घालायला. आम्ही गोधडी म्हणतो, त्या वाकळ म्हणायच्या. दीर म्हणाले, मेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नसतात, वहिनी. "बरोबरच हाय त्यांचं," ताई मला म्हणाल्या. "रीतच हाय ती. पण आदल्या आठवड्यात मी तोच शर्ट फाडून पुसणं केलं असतं, तर कुणी काही म्हणलं नसतं. माणूस हाय तोवर ते जुनेर असतंय. माणूस गेला की तेच मेल्याचे कपडे होतेत." थोड्या वेळाने त्यांनी ती बाही घडी करून थैलीत टाकली. "म्हणून कापायचं ते आधी कापावं."

त्यांच्या पोटात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी अमोलला बाजूला नेऊन सांगितलं, तेव्हा ताईंनी आम्हाला घरी बोलावलं. हॉलमध्ये साड्यांचा ढीग. रोजच्या, सणाच्या, लग्नातल्या, काही तर बऱ्यापैकी कोऱ्या. "आज हे सगळं कापायचं," त्या म्हणाल्या. कुणी कात्री उचलेना. जिवंत बाईच्या अंगावरच्या साड्या तिच्या समोर कापायच्या म्हणजे… हातच धजत नव्हता. श्वेता रडायला लागली. ताई वैतागल्या. "रडायचं असंल तर त्या पिवळीवर रडू नको, रंग जातोय तिचा." शेवटी मी उठले आणि मला जे येतं ते केलं. सुती एकीकडे, रेशमी एकीकडे, कुणी काय न्यायचं ते वाटून दिलं. पहिला काप मात्र ताईंनीच दिला. अमोल ऑफिसच्या कॉलवरून उठून बाहेर आला, त्याने ते पाहिलं. "आई, हे काय चाललंय? तू बरी होणार आहेस." "मग बरी झाल्यावर नव्या घे मला," त्या म्हणाल्या आणि कापत राहिल्या. तो दार लावून आत गेला.

त्या ढिगातली सगळ्यात मऊ साडी त्यांनी कुणाला दिली नाही. फिकट हिरवी, सुती, धुऊन धुऊन अगदी सायीसारखी झालेली. अमोलची बायको ऋतुजा तेव्हा गरोदर होती, बाळंतपणाला लातूरला माहेरी गेलेली. बाळाच्या अंगाला नवं कापड लगेच लावत नाहीत, जुनं मऊ कापडच हवं, आणि ते घरातल्या मोठ्या बाईचं असावं, ही ताईंच्या घरची पद्धत. त्या साडीचं त्यांनी दुपटं, म्हणजे बाळापुरती वाकळच, शिवायला घेतलं. चार थर, आणि आत कुठेतरी ती निळी बाही. आता त्यांना दुसरं काही नको होतं. औषधाने हात थरथरायचे, टाके वाकडे पडायचे. वाकडा टाका आला की उसवायच्या आणि पुन्हा घालायच्या. मी म्हटलं, "ताई, बाळाला काय कळणार आहे?" त्या म्हणाल्या, "बाळाला न्हाई. तिच्या आईला कळंल की." ऋतुजाचं आणि त्यांचं छान जमायचं. वर्गात सगळ्यात वाकडे टाके ऋतुजाचेच असत आणि त्यावरून ताई तिला सगळ्यांत जास्त बोलायच्या.

तीन कोपरे शिवून झाले. चौथा त्यांनी मुद्दाम उघडा ठेवला. त्यांच्या गावाकडे वाकळ पुरी होताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा छोटा तुकडा घालतात आणि मग शिवतात. त्याला घास म्हणतात. उपाशी वाकळ अंगावरच्या माणसाची ऊब खाते, असं त्यांची आई सांगायची. आणि घास घालायचा तो जिला वाकळ द्यायची तिने. लहान मूल असेल तर त्याच्या आईने. घास पडेपर्यंत वाकळ शिवणारणीची, घास पडला की पांघरणाऱ्याची. हे त्यांनी वर्गात प्रत्येक नव्या मुलीला सांगितलं होतं, अमोलनेही लहानपणापासून ऐकलं होतं. मी सुचवलं, तुमच्याच हाताने घाला, ऋतुजाला व्हिडिओ कॉलवर दाखवू. "असं कुठं असतंय का, मॅनेजरबाई," त्या म्हणाल्या. "येऊ दे की तिला बाळ घेऊन. तिच्या हातानंच." त्यांनी ठरवलं होतं की तोवर त्या असणार आहेत.

त्या शनिवारी सकाळी त्या दुपटं घेऊन खिडकीशी बसल्या होत्या. अमोलला म्हणाल्या, जरा पडते. त्यानंतर उठल्या नाहीत. दिवस इतके भरले होते की ऋतुजाला लातूरहून निघू दिलं नाही. तिने सासूचं शेवटचं दर्शन मोबाइलवर घेतलं.

दहाव्याच्या आधी तेच दीर पुन्हा आले, आता पार म्हातारे झालेले. गाठोडं बांधायला त्यांनी कपाट उघडलं तर आत दोन-चार गाऊन आणि एक स्वेटर. "बाईच्या साड्या कुठं गेल्या?" त्यांनी विचारलं. त्या आमच्या उशांवर होत्या, पिशव्यांत होत्या, श्वेताच्या पडद्याला होत्या. त्या क्षणी मला वाटलं, ताई, तुम्ही जिंकलात. मग दीरांनी खिडकीतलं दुपटं उचलून गाठोड्यात टाकलं. मी पुढे झाले. म्हटलं, "काका, हे त्यांचं नाही, बाळाचं आहे." त्यांनी ते हातात फिरवलं, उघडा कोपरा पाहिला आणि अमोलकडे बघितलं. अमोल खिडकीकडे वळला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू, आईच म्हणायची ना… घास पडला नाही तर ती शिवणारणीचीच." तो वाईट मुलगा नाही. घाबरलेला होता. बायको तिकडे, बाळ अजून यायचं होतं, आणि इकडे घरातून नुकतीच आई गेली होती. दीरांशी मी वाद घातला असता, पण ताईंच्या शब्दाशी कसा घालणार? मी एवढंच म्हटलं, "नदीवर नको. मी नेते." अमोल म्हणाला, "न्या. पण बाळाला नको."

आता सव्वा महिना उलटून गेला. मुलगी झाली. फोटोत ती दुकानातल्या गुलाबी ब्लँकेटमध्ये असते, कानांसकट गुंडाळलेली. गेल्या आठवड्यात ऋतुजाचा फोन आला, अगदी हळू आवाजात. "काकू, दुपटं तुमच्याकडंय ना?" हो म्हटलं. "कोपरा शिवला का हो तुम्ही?" मी नाही म्हटलं. "मग शिवू नका," ती म्हणाली. मागून तिच्या आईने कुणाचा फोन आहे विचारलं आणि ऋतुजाने फोन ठेवला. ती येईल का, आली तर तिला कुणी घास घालू देईल का, मला माहीत नाही.

वर्ग मी चालू ठेवला आहे. उसवायला शिकवते, उजेडात धरायला शिकवते, ताईंसारखं बोलता येत नाही. दुपटं माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. त्या दिवशी ते घरी आणून घडी घालताना बोटाला टोचलं. उघड्या कोपऱ्यात सुई होती. कापडात सुई टोचून कधी न उठणाऱ्या निर्मलाताईंनी ती तशीच ठेवली होती, जरा पडून लगेच परत यायचं म्हणून. हिरवा दोरा ओवलेला आहे. कोपरा शिवायला पुरेल इतका. लहान मुलाच्या वस्तूत सुई ठेवू नये हे मला कळतं, आणि मी नीटनेटकी बाई आहे… पण ती काढून डबीत ठेवायचं मला अजून जमलेलं नाही.