मॅनेजरांचे बूट

मुलांनो, तेव्हा मी धुळ्यात गिरणीतल्या कामगारांना आणि साहेबांना एकाच वर्गात शिकवत असे. तक्रार कशी मांडावी आणि ती कशी ऐकावी, हा विषय. एका रविवारी मी इंग्रजी पुस्तकात पाहून भूमिकांची अदलाबदल करायला लावली. मॅनेजर कामगार झाले आणि एक विणकर मॅनेजर.

मॅनेजर हसतच टेबलापुढे आले. खुर्चीतला विणकर म्हणाला, "आता मी साहेब. बूट बाहेर काढून ये, भाऊ."

गिरणीत साहेबांच्या खोलीबाहेर कामगारांना चपला काढाव्याच लागत. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मॅनेजरांचे कान लाल झाले. वाकून त्यांनी नाड्या सोडल्या, बूट दाराबाहेर ठेवले. माझ्यामुळे या विणकराची नोकरी जाणार, एवढंच मला दिसत होतं.

सोमवारी पाळी सुटायच्या आधीच मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. भोंगा झाला. सगळ्यांत शेवटी विणकर बाहेर आला.

"साहेबांनी बोलावलं होतं, अक्का. म्हणाले, चपला राहू दे, तसाच आत ये."

"मग?"

"मला धीर झाला नाही. काढूनच गेलो."