फाइलीच्या माथ्यावरची नावं

नोव्हेनातल्या एका दवाखान्यांच्या साखळीच्या आयटी मॅनेजरने माझ्या इंजिनियरला फसवलं. फसवायचा माल मी पुरवला. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडे संशयाने बघायला नको.

माझा इंजिनियर म्हणजे माझा नोकर नव्हे. तो मूळचा नांदेडचा, इथे परदेशात एका संशोधन संस्थेत होता. मी शिपयार्डात वेल्डिंग करून पैसे साठवले आणि बुकित बातोकच्या एका औद्योगिक इमारतीत जुन्या संगणकांचं दुकान टाकलं. दर शनिवारी तो यायचा, दारातूनच "जयभीम, शेठ" म्हणायचा आणि समोरच्या मशिनचा माउस उचलून बाजूला ठेवायचा. मग पडद्याकडे बोट दाखवून विचारायचा, "हे कशाला लागतं?"

घड्याळ, चित्रं, खालची पट्टी, खिडकीच्या डोक्यावरची तीन बटणं, सगळ्यांना हाच प्रश्न. जेवायला हॉकर सेंटरमधल्या खाऊच्या गाड्यांवर गेलो आणि ताटलीत दुसरा चमचा आला तरी हाच.

पडद्यावर खिडक्या कुठे उघडायच्या, कोणत्या बटणाने पुढे यायच्या, हे ठरवणारा एक प्रोग्राम असतो. लिनक्स नावाच्या फुकटच्या प्रणालीवर तो आपल्या आवडीचा निवडता येतो. याने कॉलेजात असताना एक निवडला आणि पुन्हा बदलला नाही. इतका हलका, की लोकांनी भंगारात काढलेल्या मशिनवरही पळायचा. त्याची नवी आवृत्ती वर्षानुवर्षं येत नसे. मी डिवचायचो, "मेला वाटतं तुझा प्रोग्राम."

"मेला नाही शेठ, पुरा झाला. पोळी भाजून झाल्यावर तव्यावर ठेवतं का कोणी?"

असे जुने प्रेमी जगभर होते. एकमेकांना मेल करायचे आणि आपापल्या फाइली वाटायचे. प्रोग्रामने कसं वागायचं ते सगळं एका साध्या फाइलीत लिहिलेलं असतं. ती फाइल कोणीही उचलावी, बदलावी. याच्या फाइलीपुरती एक रीत होती. ज्याने काही बदल केला त्याचं नाव, गाव आणि बदल माथ्यावर एका ओळीत लिहायचा, आणि आधीच्यांची नावं पुसायची नाहीत. पहिलं नाव त्याच्या होस्टेलच्या सिनिअरचं. मधे एक पोलंडचा माणूस, त्याने कधीही न पाहिलेला. त्या ओळी संगणक वाचत नाही, सोडून देतो. त्या माणसांनी वाचायच्या.

शिपयार्डात माझ्या उजव्या हाताचं तर्जनीचं बोट भाजलं, ते आता वाकत नाही. माउस दाबताना मी शिव्या घालायचो. एका शनिवारी तो म्हणाला, "शेठ, तुम्हाला नेमकं काय पाहिजे ते सांगा." मी म्हणालो, "सगळं डाव्या हाताने झालं पाहिजे." चार शनिवार त्याने त्यावर घालवले. शेवटी मी डाव्या हाताने मशिन चालवत होतो आणि उजव्या हातात फोन धरून गिऱ्हाइकाशी भांडत होतो.

मग त्याने फाइल उघडून दाखवली. सातव्या ओळीत माझं नाव होतं, वडिलांच्या नावासकट.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," मी म्हणालो.

"पण मागितलं तुम्ही. न मागता कोण करणार होतं?"

शाळेच्या दाखल्यानंतर माझं नाव कोणी असं जपून लिहिलं नव्हतं. मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

मग तो मॅनेजर आला. पुण्याचा, बोलायला गोड. रिसेप्शनच्या टेबलांसाठी चाळीस जुनी मशिनं हवी होती. दुपारभर घासाघीस झाली. शेवटी म्हणाला, "शेठ, वर काय घालता?" भाजीवाला कोथिंबीर घालतो तशी मी ती फाइल घातली. त्याच्यासमोरच इंजिनियरला फोन केला. तो म्हणाला, "द्या की, वाटायलाच असते. नावं तेवढी राहू द्या म्हणावं." मी मॅनेजरला सांगितलं. तो हसला. "नावांनी काय जागा अडते का शेठ? राहतील."

चार्जरची वायरसुद्धा मी बिलावर लिहून घेतो. ही अट लिहून घेतली नाही.

पुढल्या वर्षी मंदी आली, इंजिनियरची नोकरी गेली. इथे नोकरी गेली की राहायचा-कामाचा पासही जातो. महिनाभरात दुसरी शोधायची, नाहीतर विमान. त्याने दहा ठिकाणी अर्ज केले, बोलावणं एकाच ठिकाणाहून आलं. नोव्हेनाहून.

मुलाखतीनंतर तो सरळ दुकानात आला. म्हणाला, "त्याने मला मशिन दाखवलं. म्हणे ही आमच्या घरची रचना, मी स्वतः केली. सगळं डाव्या हाताने चालतं, रिसेप्शनिस्टचा उजवा हात फोनला मोकळा. मग विचारलं, शिकायला किती दिवस लागतील?"

"मग? काय म्हणालास?"

"आठवडाभर म्हणालो."

मी टेबलावर हात आपटला. "अरे, तुझी आहे म्हणून सांगायचं नाही?"

"तो म्हणाला असता, सिद्ध करा. सिद्ध करायला नावंच होती शेठ, त्याच्या मशिनवर ती नव्हती."

"तुझ्याकडच्या फाइलीत आहेत ना?"

"माझ्या फाइलीत मी कोणाचंही नाव लिहीन. लबाडी करायचीच असेल तर एक मिनिटाचं काम. ती रीत विश्वासावर चालते."

दुसऱ्या दिवशी मी नोव्हेनाला गेलो. मशिन तपासायचा बहाणा करून फाइल उघडली. माथ्यावर एकच नाव होतं, मॅनेजरचं. मी त्याला बाहेर बोलावलं.

"कमेंट होत्या त्या, काढल्या," तो म्हणाला. "चालण्यात काही फरक पडला का? आणि तुमचा माणूस बरा आहे, पण आम्हाला स्वतः काही उभं केलेला माणूस हवाय."

यावर मी जे बोललो ते इथे लिहिता येत नाही. काउंटरवरची बाई उठली. "अंकल, डोंट शाउट लाह. पेशंट इनसाइड." मी तिथून निघालो. आजारी माणसांचा काय दोष?

महिना संपला आणि इंजिनियर गेला. नांदेडजवळ एका तंत्रनिकेतनात शिकवायला लागला. पहिली दोन वर्षं मेल यायची, "लॅबमध्ये जुनी मशिनं आहेत, बरं चाललंय." मग तीही थांबली. शनिवारी आता दुकानात कोणी काही विचारत नाही. मीही थकलोय. पूर्वी रागाने झोप उडायची, आता राग येता येताच डोळे मिटतात.

मॅनेजर मरीन परेडच्या महागड्या कॉन्डोत राहतो. आपल्या लोकांच्या कार्यक्रमात भेटला की हसून म्हणतो, "काय शेठ, ओळख आहे ना?" हे वाचणाऱ्या तुमच्यातल्याही काहींशी तो असाच हसत असेल.

मला त्याच्याकडून पैसा नको. नोव्हेनाची ती नोकरी इंजिनियरला या माणसाच्या एका शब्दाने मिळाली असती, आणि तो शब्द खरा होता. सात माणसं होती त्या फाइलीत, त्यातला मी एक. बाकीच्यांच्या वतीने मी त्या मॅनेजरला विचारतोय. चार लोकांसमोर उभा राहा आणि सांग, तू त्यात काय केलंस? एक ओळ दाखव. दुकान अजून तिथेच आहे, सकाळी दहाला उघडतं. ये, आणि उत्तर दे.