उपासाच्या पावावरची चकाकी

सार्मेची निम्मी पानं गुंडाळून झाली होती. आंबवलेल्या कोबीची उरलेली पानं ताटात पसरली होती, बाजूला तेलात परतलेला भात आणि अक्रोडाचं सारण. तेवढ्यात संदेश आला म्हणून फोन वाजला. यागोदाने ॲप्रनला हात पुसून तो उचलला आणि सार्मा तिथंच राहिली.

वाल्येवो गावात बाया पाव भाजतातच, पण यागोदाने गेल्या हिवाळ्यापासून इंटरनेटवरच्या आपल्या पानावर फोटो टाकून धंदा उभा केला होता. कुलसंताच्या दिवसाचे, म्हणजे स्लावाचे पाव. वर पिठाची द्राक्षं, कणसं, दारूची पिंपं, चोच उघडलेले पक्षी. आता निकोला संताचा दिवस तोंडावर आला होता. गावात निम्म्या घरांची स्लावा तीच, आणि ती ऐन उपासात येते. लोणी नाही, दूध नाही, अंडं तर मुळीच नाही. पान टिकणार की मिटणार, ते या आठवड्यात ठरणार होतं.

काल तिने टाकलेल्या सुंदर फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, "एवढी चकाकी? उपासात अंडं चालतं वाटतं आता?"

लिहिणारीचं नाव 'गुलाबी फुलदाणी'. तोंड नाही, पत्ता नाही.

दुपारपर्यंत दोन बायांनी कळवलं, राहू द्या, आम्ही दुसरीकडे सांगितलंय. एकीने तर पुढे लिहिलं, देवाच्या कामात अशी फसवणूक बरी नाही. ते वाचताना यागोदाचे कान तापले. उपासात लोकांच्या ताटात अंडं घालणारी बाई, असा एकदा बोभाटा झाला की चर्चच्या पायरीवरही कुणी नीट बोलणार नाही.

मग तिच्या मनात पाल चुकचुकली. तो फोटो उपासाच्या पावाचा नव्हताच. तो देवदूतांच्या स्लावाचा, उपास लागण्याआधीचा पाव होता. देखणा होता, म्हणून तिने तोच पुन्हा वापरला होता. हे बाहेरच्याला कसं कळावं? त्या दिवशी स्वयंपाकघरात दोघीच होत्या. आणि ब्रशने अंडं लावलं होतं वरच्या मजल्यावरच्या जावेने, ल्युप्काने.

ल्युप्काने उन्हाळ्यात विचारलंही होतं, "ताई, तुमच्या पानावर माझी बिस्किटं टाकू का?" यागोदा नको म्हणाली होती. तेव्हापासून जाऊ जिन्यात भेटली की गोड हसायची. त्या हसण्याचाही आता वेगळा अर्थ लागू लागला.

ल्युप्का मीठ मागायला खाली आली. यागोदाने मीठ दिलं नाही, फोन पुढे केला.

"ही फुलदाणी तुझी का गं?"

ल्युप्काने वाचलं. "माझ्याकडे फुलदाणी आहे कुठे? सासूबाईंनी सगळ्या तुम्हालाच दिल्या."

"विषय बदलू नकोस. अंडं तू लावलंस."

"लावलं. तुम्हीच सांगितलंत, भरपूर लाव. आणि ताई, मला टोमणा मारायचा असता तर मी जिन्यातून मारला असता. एवढं टाइप कोण करत बसेल?"

यागोदाला पटलं नाही. तेवढ्यात ल्युप्काने बोटांनी फोटो मोठा केला आणि थांबली.

"हे काय आहे, पिंपाशेजारी?"

"पिंप सगळेच मागतात. द्राक्षांचं वर्ष बरं जावं म्हणून."

"पिंप नव्हे, हातोडी. हातोडी कुणाच्या पावावर असते?"

यागोदा खुर्चीवर बसली. पेर्सिदाकाकूंचे यजमान पिंपं बनवायचे. ते गेल्यावरही काकू दर वर्षी देवदूतांच्या स्लावाच्या पावावर त्यांची हातोडी करून घेत. काकूंच्या नातीने परवाच आजीला फोनवर खातं काढून दिल्याचं चर्चमध्ये सांगितलं होतं. म्हणजे फुलदाणी काकूच. त्यांनी आपला पाव ओळखला होता, आणि त्यातलं जे अंडं खाल्लं तेच विचारलं होतं.

"बघा," ल्युप्का म्हणाली, "आता मीठ मिळेल का?"

मीठ दिलं. फोटो काढून टाकला आणि त्या जागी यागोदाने लिहिलं, "तो पाव उपासाआधीचा होता, त्यात अंडं होतं. चूक माझी. निकोला संताचे पाव तेलाचे आणि साखरपाण्याचे असतील, फार चकाकणार नाहीत."  गेलेल्या मागण्या परत येतील की नाही, ते संतालाच माहीत.

तरी एक शंका राहिलीच, ती यागोदाने बोलून दाखवली. काकूंनी सरळ घरी फोन का केला नाही? त्यांच्या घरामागे राहणारी ती दुसरी पाववाली तर त्यांना काही सुचवत नव्हती ना?

"ताई," ल्युप्का दारातून म्हणाली, "आता फुलदाणीच्या शेजारणीवर संशय घ्या, म्हणजे दिवस पुरा होईल."

यागोदा ओट्याकडे वळली. उरलेली पानं भराभर गुंडाळली, सार्मा चुलीवर चढवली आणि शिजल्यावर एका डब्यात भरली. तो डबा घेऊन तिला पेर्सिदाकाकूंकडे समोरासमोर बोलायला जायचं होतं.