वहिनींच्या पाटल्या

मी ज्यांच्याकडे कामाला जाते त्या वहिनींच्या लॅपटॉपवरचा बाण आपोआप पळतो. त्या लिहीत असतात आणि मधेच तो उडी मारतो, मग लिहिलेलं भलत्याच ओळीत जाऊन पडतं. दुरुस्तीवाला आला, तेव्हा बाण अगदी शहाण्यासारखा वागला. तो गेल्यावर वहिनी घरातल्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मंदानं ओलं फडकं फिरवलं असणार. दुसरं कोण?"

मी त्या टेबलाला हातसुद्धा लावत नाही. तरी मी खाली मान घालून फरशी पुसत राहिले.

फरशी पुसणारीकडे कोणी बघत नाही, म्हणून तिला सगळं दिसतं. आज खुर्चीमागे पुसताना मला दिसलं. लिहिताना वहिनींची नवी सोन्याची पाटली बटणांखालच्या गुळगुळीत चौकोनाला टेकते, आणि टेकली की बाण पळतो. हात उचलला की थांबतो. मी चार वेळा पाहिलं. ओल्या हातावर संशय लगेच येतो. सोनं घातलेल्या हाताकडे मात्र लोक नुसतं कौतुकानं बघतात.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी खडीसाखरेसारखं जिभेखाली धरून ठेवलं.

वहिनी वैतागून वळल्या. "काय गं, परत हात लावलास?"

"नाही, वहिनी," मी म्हणाले. आणि कधी नव्हे ते पुढेही बोलले, "पाटल्या फार शोभतात तुम्हाला. हातातून काढूच नका."